धनुष्याच्या मुठीला ओलं कातडं

भाच्याकडे बांबूचं धनुष्य आहे, तिरंदाजीच्या ‘इंडियन राउंड’ या स्पर्धाप्रकारात वापरतात तसलं. मुठीवरची कापडी पट्टी एप्रिलच्या घामाने सुटली, तेव्हा "मामा, कातडं लावू की," म्हणाला. मी घरातल्या जुन्या पर्सचं मऊ चामडं कापून सोल्युशनने चिकटवलं. दिसायला झकास. तिसऱ्या दिवशी ते मुठीभोवती ढिल्या मोज्यासारखं फिरायला लागलं.

आमच्या सोलापूरच्या मंगळवार पेठेत चपला शिवणाऱ्या काकांना दाखवलं. त्यांनी तुकडा ओला करून नखाने दाबला आणि सोडला. "हे क्रोमचं हाय. दाबलं तरी परत जागेवर येतंय बघा." मग बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्यावर तेच केलं. नखाचा वण तसाच राहिला.

कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन. त्याचे तीन धागे दोरीसारखे एकमेकांत पिळलेले असतात, आणि अशा दोऱ्यांचे तंतू सगळीकडून गुंतलेले. क्रोमचं म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं; ते क्षार या धाग्यांना पक्क्या गाठी मारतात. त्यामुळे चामडं मऊ, लवचिक होतं, पण दुसरा आकार धरत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांतले टॅनिनचे मोठाले रेणू तंतूंच्या मध्ये जाऊन बसतात. त्यांची पकड एकेकटी कमजोर, पण संख्येने प्रचंड. पाणी आत शिरलं की ही पकड सैल होते आणि तंतू एकमेकांवरून सरकतात. पाणी उडून गेलं की जिथे असतील तिथे पुन्हा धरतात. कोल्हापुरी चप्पल आधी चावते आणि मग पायाची होते, ती याच गुणामुळे. तिथे पाण्याचं काम घाम करतो. (या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सोलापूर जिल्हाही आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.)

दुसऱ्या खेपेला मुठीभोवती कागद गुंडाळून माप घेतलं आणि बाभळीत कमावलेलं कातडं मुद्दाम चार मिलिमीटर तोकडं कापलं. कडा रापीने, म्हणजे चांभाराच्या सुरीने, पातळ केल्या. दोन्ही कडांना आरीने सारखीच भोकं पाडली. बांबूला ओल लागू नये म्हणून मुठीला आधी व्हार्निश दिलं होतं. कातडं कोमट पाण्यात बुडवलं, बुडबुडे यायचे थांबले तेव्हा काढून टॉवेलात दाबलं. मग एकाच मेण लावलेल्या दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया, आणि आडवी-तिडवी शिवण. शिवण निशाणाकडच्या बाजूला, म्हणजे तळव्याला टोचत नाही. प्रत्येक टाक्याला ओलं कातडं जरा ताणलं जायचं आणि फट मिटायची.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतात, ती थंड झाली की आवळते. इथे आगीऐवजी पाणी. पण या आवळण्यात एक गोम आहे. ताण सगळीकडे तोच असला तरी दाब वळणावर ठरतो: वळण जितकं घट्ट तितका दाब जास्त. मुठीच्या कडांवर कातडं गच्च बसतं, सपाट भागावर जवळपास दाबच नसतो, आणि अंगठ्याखालच्या खळग्यावर ते पुलासारखं अधांतरी राहतं. तिथे पातळ सोल्युशन लावून चमच्याच्या पाठीने घासत बसावं लागतं. आम्ही पाऊण तास घासलं. गोंदाची खरी गरज तेवढ्याच जागेला.

खळगा दाबून राहावा म्हणून मी दोन लोखंडी क्लिपा लावून झोपलो. सकाळी काळे-निळे डाग! बाभळीतलं टॅनिन आणि लोखंड भेटले की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) वापरून जुन्या काळी शाई करत, ती हीच. डाग निघाले नाहीत. क्लिपेखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवला असता तरी भागलं असतं.

सुकवायचं सावलीत, निदान एक दिवस-रात्र. सोलापूरच्या उन्हात पत्र्यावर ठेवण्याचा मोह टाळा. वरचा थर आधी वाळून कडक होतो आणि भेगा पडतात. शिवाय ओलं कातडं फार तापलं तर कोलॅजेनचा पीळ सुटून ते आकसतं. तेच पुढे उकळत ठेवलं तर सरस होतो.

जाडीचं गणित मात्र मला उशिरा सुचलं. या धनुष्यावर बाण मुठीच्या डाव्या अंगाला टेकतो. तिथे दीड मिलिमीटर कातडं आलं, की 70 सेंटिमीटर ताणलेल्या बाणाचं टोक तेवढंच डावीकडे सरकतं. नुसत्या भूमितीने 30 मीटरवर हा फरक साडेसहा सेंटिमीटर होतो. त्यात सुटताना बाण मुठीला वळसा घालत वाकतो, आणि मूठ रुंद झाली की त्याला जास्त वाकावं लागतं. म्हणून वरची कड बाणाच्या बोटभर खाली संपवली. आधी शिवलेले वरचे तीन टाके त्यासाठी उसवावे लागले, आणि ते काम भाच्याने मला करू दिलं नाही.