तीन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट

डिसेंबरातली सकाळ. बडोद्याच्या दांडिया बाजारातला तिशीचा एक मुलगा आमच्या लॅबच्या काउंटरवर आला, स्वेटरच्या आत हात घालून शर्टाच्या खिशातली डबी काढली आणि माझ्याकडे न बघताच पुढे सरकवली. ‘अंगाच्या उबेत आणा, तासाच्या आत आणा’ हे फोनवर सांगितलेलं त्यानं तंतोतंत पाळलं होतं.

वीर्य सुरुवातीला चिकट, गोळा झालेलं असतं. अर्धा तास 37 अंशांवर ठेवलं की पातळ होतं, मग थेंब काचेवर. काही शुक्रजंतू सरळ पुढे धावतात, काही जागच्या जागी गिरक्या घेतात, काही निपचित. याच्या थेंबात गर्दीच नव्हती. मिलिलिटरला 90 लाख. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापलेली खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख.

‘‘काका, म्हणजे पती गयुं ना?’’ म्हणजे संपलंच ना सगळं? बडोद्याचा मराठी माणूस घाबरला की गुजरातीत घाबरतो.

मी विचारलं, गेल्या काही महिन्यांत ताप आला होता का? नवरात्रात डेंग्यू झाला होता, सगळा गरबा बुडाला, म्हणाला.

एक शुक्रजंतू घडायला साधारण 74 दिवस लागतात. त्यानंतर अंडकोषाला चिकटलेल्या, उलगडली तर सहा मीटर भरेल अशा वेटोळ्या नळीतून तो एक-दोन आठवडे हळूहळू पुढे सरकतो आणि तिथे पोहायला शिकतो. म्हणजे आज डबीत आलेलं पीक तीन महिन्यांपूर्वी पेरलेलं. या कारखान्याला शरीरापेक्षा दोन ते चार अंश गारवा लागतो, अंडकोष पोटाबाहेर असतात ते त्यासाठीच. 103-104 ताप चार दिवस राहिला की त्या वेळी घडत असलेली खेप बिघडते आणि ते रिपोर्टात दिसतं दोन महिन्यांनी. भट्टीजवळ पाळी करणाऱ्यांनी हेही डॉक्टरांना सांगायला हवं. एका रिपोर्टवर म्हणूनच कुणी निकाल देत नाही.

आणि ती मर्यादा तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेनं ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे घेतले. त्यातले शंभरात पाच जण ज्या आकड्याच्या खाली होते, ती ही रेघ. म्हणजे रेघेखालचेही बाप झालेच होते. ‘नॉर्मल आकाराचे फक्त 4 टक्के’ वाचून लोक हबकतात, पण तिथे 4 ही खालची मर्यादाच आहे. काउंट कमी म्हणजे नपुंसकत्व नव्हे, हे तर काउंटरवर रोज सांगावं लागतं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याच्या बायकोची सोनोग्राफी झाली होती, रक्ततपासण्या झाल्या होत्या, नळ्यांचा दुखरा एक्स-रेसुद्धा. याची बिनदुखाची तपासणी सगळ्यांत शेवटी! मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूनंही काहीतरी असतं. तरी लग्नकार्यात ‘पाळणा कधी?’ सुनेलाच विचारतात. घरी कुणाला किती सांगायचं हे दोघांनी आधीच ठरवून घ्यावं. एकट्या बायकोनं उत्तरं देत बसू नये.

उपचाराआधीचे तीन महिने वाया जात नाहीत. मावा, बिडी, दारू बंद, वजन आणि साखर ताब्यात. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका: बाहेरून हार्मोन आलं की मेंदू अंडकोषांना काम थांबवायला सांगतो, काउंट शून्यावरही येतो आणि परतायला महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. अंडकोषाभोवतीच्या शिरा फुगल्या असतील तर तेही तपासून घ्यावं. बायको पस्तिशीपुढची असेल तर मात्र नुसती वाट बघू नये, दोघांचं काम बरोबरच चालू द्यावं.

काउंट खरोखर शून्य असला तरी आधी वाट अडलीय की उत्पादनच नाही, हे बघतात. पुष्कळदा अंडकोषातून सुईनं शुक्रजंतू काढता येतात. एक शुक्रजंतू थेट एका बीजांडात सोडायची इक्सी ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी 1992 साली यशस्वी केली, तेव्हापासून एकेका शुक्रजंतूलाही किंमत आली.

फेब्रुवारी संपताना तो पुन्हा आला. झाडांवर उत्तरायणातले पतंग अजून लटकत होते. बायको बरोबर होती. डबी ठेवली आणि या वेळी माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘काका, सुरुवातीचे थेंब बाहेर सांडलेत. लिहायचं का?’’

सगळ्यांत जास्त शुक्रजंतू त्या सुरुवातीच्या थेंबांतच असतात. मी फॉर्मवर तसं लिहिलं आणि त्याला चार दिवसांनंतरची वेळ दिली.