मूत्रपिंड म्हातारे होते तेव्हा

मूत्रपिंड म्हणजे गाळणी, असे आपण शाळेत शिकतो. पण चहाची गाळणी एकदा घडली की नुसती झिजत जाते. मूत्रपिंड स्वतःची प्रथिने सतत मोडते आणि नवी घडवते. वयाबरोबर ही घडामोड कशी बदलते, हा प्रश्न पडण्याआधी ती चालू असते हेच कुणीतरी दाखवायला हवे होते.

ते दाखवले जीवरसायनशास्त्रज्ञ रूडॉल्फ शोनहायमर यांनी. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना जर्मनीतले फ्रायबर्ग सोडावे लागले आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तिथे रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी यांच्यामुळे त्यांच्या हाती जड नायट्रोजन आला, म्हणजे नायट्रोजनचेच थोडे जड रूप, ज्याचा शरीरात माग काढता येतो. प्रौढ शरीर म्हणजे बांधून पूर्ण झालेले घर, रोजचे अन्न बहुतांशी जळणासारखे संपून जाते, अशी तोवरची समजूत. शोनहायमर यांनी जड नायट्रोजनची खूण असलेले ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रौढ उंदरांना तीन दिवस खाऊ घातले. खुणेच्या नायट्रोजनपैकी निम्म्याहून जास्त भाग उंदरांच्या अंगातल्या प्रथिनांत जाऊन बसला होता. स्नायूंपेक्षा आतडी, यकृत आणि मूत्रपिंड यांत ही उलाढाल अधिक. १९४१ मध्ये, अवघ्या ४३ व्या वर्षी, शोनहायमर गेले. आजच्या सगळ्या चर्चेचा पाया मात्र तोच प्रयोग आहे, असे मला वाटते.

वयाचा मुद्दा वेगळ्या वाटेने आला. १९५० मध्ये डेव्हिस आणि नेथन शॉक यांनी निरनिराळ्या वयाच्या पुरुषांची गाळणक्षमता मोजली. विशीपासून ऐंशीपर्यंत ती जवळपास निम्म्यावर येत होती. काम कमी होते हे कळले. पेशीच्या आत काय होते, ते नाही.

त्याचा एक तुकडा १९८५ मध्ये हाती लागला. आर्लन रिचर्डसन यांच्या गटाने उंदरांच्या मूत्रपिंडातून पेशी सुट्या केल्या, त्यांना खूण केलेले अमिनो आम्ल दिले आणि त्यातले किती प्रथिनांत गुंफले जाते ते मोजले. म्हाताऱ्या उंदरांच्या पेशी मंदावलेल्या होत्या. पोटाला चिमटा काढून वाढवलेल्या उंदरांच्या पेशी मात्र तुलनेने जोमदार. मग सरळ अर्थ निघाला: वय म्हणजे प्रथिननिर्मितीची घसरण, आणि निर्मिती वाढवली की झाले.

रॅपामायसिनने हा सरळपणा मोडला. ईस्टर बेटावरच्या मातीतले हे रसायन सुरेंद्रनाथ सेहगल यांनी माँट्रियलमध्ये वेगळे केले आणि १९९९ मध्ये ते मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले. ते एमटॉर नावाच्या प्रथिनाला आवरते, आणि एमटॉर तर पेशीतल्या प्रथिननिर्मितीचा मुकादम! तरीही २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्याकडच्या साठीच्या, उंदरांना ते दिले तेव्हा त्यांचे आयुष्य वाढले. एमटॉर आवरला की निर्मिती मंदावते, पण पेशीतला जुना, बिघडलेला माल मोडून वापरण्याचे काम जोर धरते. हिशेबाची ही दुसरी बाजू इतकी वर्षे दुर्लक्षितच राहिली होती.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ६, १२ आणि १८ महिन्यांच्या उंदरांच्या मूत्रपिंडांत आरएनए, म्हणजे प्रथिने घडवण्याचे पेशीतले आदेश, आणि प्रथिने दोन्ही मोजली. वयाबरोबर प्रथिनांत होणाऱ्या बऱ्याच बदलांचा मेळ आरएनएतल्या बदलांशी बसेना. आदेश तेच, आणि शिल्लक माल वेगळा. म्हणजे फरक पडतो तो आदेश सुटल्यानंतर, घडवण्यात किंवा मोडण्यात.

मूत्रपिंडात हे सर्वांत जास्त भोवते ते पोडोसाइट पेशींना. रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांना बोटांसारखे पाय रोवून बसणाऱ्या या पेशी प्रौढपणी जवळजवळ विभागतच नाहीत. जी आहे तिनेच आयुष्यभर स्वतःला नीट राखायचे. २०१० मध्ये उंदरांच्या फक्त याच पेशींतली मोडतोडीची यंत्रणा बंद करून पाहिली गेली. तरुणपणी फारसे बिघडले नाही. वय वाढले तशी लघवीतून प्रथिने गळू लागली आणि केशवाहिन्यांचे गुच्छ निबर होत गेले. हा प्रयोग झाला फ्रायबर्गमध्ये.