‘स’ कितव्या वर्षी यावा? उच्चारांच्या तक्त्यामागचा इतिहास

प, ब, म तिसऱ्या वर्षापर्यंत. क, ग चौथ्या. र सहाव्या. स आठव्या. असा एक तक्ता आईवडिलांच्या मोबाइलवर फिरत असतो. नातू ‘साखर’ला ‘ताखल’ म्हणाला की आजी त्याचा पापा घेते आणि आई तो तक्ता उघडून बसते. त्यातले आकडे कुठून आले हे ठाऊक असतं, तर त्या आईची काळजी बरीच हलकी झाली असती.

सुरुवात झाली घरगुती रोजनिशीतून. चार्ल्स डार्विनने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्या १८७७ मध्ये छापल्या. वर्षभराचं ते मूल खाऊला ‘मम’ म्हणायचं. (आपल्याकडच्या ‘मंमं’ची आठवण येतेच.) पण एका मुलावरून बाकीच्यांचं वय कसं ठरवणार? म्हणून विसाव्या शतकात अमेरिकेत मुलांचे गट तपासायला सुरुवात झाली.

आता एकटा ‘स’ घ्या. आयोवात बेथ वेलमन आणि सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये २०४ मुलं तपासली आणि ‘स’चं वय ठरवलं ५ वर्षं. आयरीन पूल यांच्या १९३४ च्या अभ्यासात ते साडेसात झालं. मिल्ड्रेड टेम्पलिन यांनी १९५७ मध्ये तीन ते आठ वर्षांची ४८० मुलं तपासली, तेव्हा साडेचार. १९७५ मध्ये एलिझाबेथ प्रॅदर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ते चक्क ३ वर आलं.

चव्वेचाळीस वर्षांत मुलांच्या जिभा बदलल्या नव्हत्या, मोजायची पट्टी बदलली होती. पूल यांची अट होती की सगळ्या मुलांना उच्चार यायला हवा. वेलमन आणि टेम्पलिन ७५ टक्क्यांवर थांबल्या. टेम्पलिन यांनी शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी अशा तीन जागा तपासल्या, तर प्रॅदर यांनी मधली जागा सोडली. शिवाय त्यांची सगळी मुलं दोन ते चार वर्षांचीच होती. म्हणजे ‘स’ साडेचारला येतो असं दिसायला तिथे साडेचारचं मूलच नव्हतं.

हा गुंता एरिक सँडर यांनी १९७२ मध्येच ओळखला होता, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच. जुने आकडे पुन्हा मांडून त्यांनी प्रत्येक ध्वनीसाठी एका वयाऐवजी एक आडवा पट्टा आखला. निम्म्या मुलांना तो ध्वनी बहुतेक वेळा जमू लागतो तिथे पट्टा सुरू होतो, ९० टक्के मुलांना जमतो तिथे संपतो. ‘स’चा पट्टा ३ पासून ८ पर्यंत, ‘र’चा ३ पासून ६ पर्यंत. दुर्दैवाने पुढे तक्ते उतरवून घेताना बरेचदा पट्ट्याचं एकच टोक उरलं. सुरुवातीचं टोक वाचणारे विनाकारण घाबरतात. शेवटचं टोक वाचणारे कधीकधी फार थांबतात, आणि ते मला जास्त सलतं, कारण मदतीची खरी गरज असलेल्या मुलाची दोन-तीन वर्षं त्यात जातात.

क्रमाचा प्रश्न वेगळा. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९४१ मध्ये मांडलं की ओठांचे ध्वनी आधी येतात आणि तोंडाच्या मागच्या भागातले नंतर. ‘काका’चा ‘ताता’ होतो तो असा. आपली वर्णमाला कंठापासून ओठांकडे येते. मूल साधारण उलट्या वाटेने, प-वर्गाच्या टोकाकडून निघतं. मोठी माणसंही नकळत त्याला सोपं जाईल असंच बोलतात: मंमं, पापा, भूभू, भुर्र. या लाडक्या बोलीवर अशोक रा. केळकर यांनी १९६४ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधली अशी बोली तुलनेला घेतली, तीत मराठी होती.

कान मात्र जिभेच्या कितीतरी पुढे असतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ट आणि त यांतला फरक कळतो. दहा-बारा महिन्यांपर्यंत तो बहुतेकांच्या कानातून निघून जातो. मराठी घरात हाच फरक दिवसभर कानावर पडत राहतो.

शॅरिन मॅकलाउड आणि कॅथरिन क्रो यांनी २०१८ मध्ये २७ भाषांमधले अभ्यास एकत्र केले. पाचव्या वर्षापर्यंत मुलं बहुतेक व्यंजनं बरोबर म्हणतात, असं त्यातून दिसलं. मोबाइलवरचा तक्ता मात्र अजून इंग्रजीचाच. ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणणारं तीन वर्षांचं मूल त्यात शोधून सापडणार नाही, कारण त्यात ळ नाही, ण नाही, ख-घ-भ नाहीत. असं मूल स्पीच थेरपिस्टकडे गेलं, तर आधी कान तपासून घ्यायला सांगतात. मग विचारतात: घराबाहेरच्या माणसांना याचं बोलणं कितपत समजतं?