रेट लॉमधला घातांक येतो कुठून?

रासायनिक समीकरण संतुलित झालं की हात आपोआप रेट लॉ, म्हणजे अभिक्रियेचा वेग पदार्थांच्या संहतीवर (ठरावीक आकारमानातल्या प्रमाणावर) कसा अवलंबून आहे ते सांगणारं सूत्र, लिहू लागतो. समीकरणात पदार्थाच्या आधी २ असेल, तर त्याच्या संहतीचा घातांकही २. बारावीत या सवयीपायी हमखास गुण जातात. पण ही चूक केवळ विद्यार्थ्यांची नाही. रसायनशास्त्राला तिच्यातून बाहेर पडायला काही दशकं लागली.

सुरुवात साखरेपासून झाली. उसाच्या साखरेच्या द्रावणात आम्ल घातलं की साखरेचं हळूहळू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवतं आणि तयार झालेलं मिश्रण डावीकडे. म्हणजे द्रावणाला हात न लावता, नुसता कोन वाचून किती साखर उरली ते सांगता येतं. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने हेच केलं. त्याला दिसलं की कोणत्याही क्षणी साखर संपण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. हे त्याने अवकल समीकरणात मांडलं आणि सोडवूनही दाखवलं. या अभिक्रियेत पाणीही खर्च होतं, पण ते इतकं मुबलक असतं की त्याची घट जाणवतच नाही. त्यामुळे वेगाच्या सूत्रात ते दिसत नाही. ज्याला आपण आज छद्म-प्रथम कोटी म्हणतो, ती ही (कोटी म्हणजे रेट लॉमधल्या घातांकांची बेरीज). मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात सूत्र आधी ठरवलेलं नव्हतं, ते मोजमापातून आलं. त्या काळी मात्र त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १८८०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने ते पुन्हा लोकांसमोर आणलं.

मधल्या काळात नॉर्वेत काटो गुल्डबर्ग आणि पीटर वोगे या मेहुण्यांनी १८६४ मध्ये वस्तुमान क्रियेचा नियम, म्हणजे अभिक्रियेचा जोर पदार्थांच्या प्रमाणावर ठरतो असा नियम, मांडला. गंमत अशी की पहिल्या मांडणीत त्यांनी घातांक प्रयोगाने ठरवायचे म्हणून मोकळे ठेवले होते. १८६७ मध्ये त्यांनी सोपेपणासाठी ते १ धरले आणि १८७९ मध्ये थेट समीकरणातल्या सहगुणकांइतके केले. समतोलासाठी ते बरोबर ठरतं. वेगासाठी, अभिक्रिया एकाच टप्प्यात घडत असेल तरच.

१८८४ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने अभिक्रियेची कोटी प्रयोगाने शोधण्याच्या पद्धती मांडल्या. १८८९ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियस पुन्हा साखरेकडेच वळला. तापमान थोडंसं वाढलं तरी तिचं विघटन कितीतरी वेगाने होतं. रेणूंची सरासरी गती मात्र खोलीच्या तापमानाला १० अंशांनी जेमतेम दीड-दोन टक्के वाढते. मग एवढा फरक कशामुळे? त्याचं उत्तर होतं की सगळे रेणू अभिक्रिया करतच नाहीत. पुरेशी ऊर्जा असलेले थोडेच करतात, आणि त्यांची संख्या तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. सक्रियण ऊर्जा ही कल्पना इथून आली.

समीकरणावरून वेग ओळखण्याचा मोह खऱ्या अर्थाने मोडला तो ब्रोमीनने. हायड्रोजन आणि आयोडीनची अभिक्रिया माक्स बोडेनस्टाइनने तपासली तेव्हा दोन्हींचा घातांक १ आला, अगदी समीकरणावरून वाटावा तसा. मग त्याने सॅम्युएल लिंडबरोबर आयोडीनच्या जागी ब्रोमीन घेतलं. समीकरणाचा साचा तोच, पण सूत्रात ब्रोमीनचा घातांक ३/२ निघाला, आणि छेदात चक्क तयार होणारं हायड्रोजन ब्रोमाइड येऊन बसलं!

याचा उलगडा १९१९-२०च्या सुमारास क्रिस्टियानसेन, हर्झफेल्ड आणि पोलानी यांनी स्वतंत्रपणे केला. ही साखळी अभिक्रिया आहे. ब्रोमीनचा रेणू फुटून अणू होतात आणि त्यांची संहती रेणूंच्या संहतीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. घातांकातला तो अर्धा इथून आला. हा अणू हायड्रोजनच्या रेणूशी भिडला की हायड्रोजनचा अणू सुटतो, आणि तो ब्रोमीनच्या दुसऱ्या रेणूवर जाऊन साखळी पुढे नेतो. पण वाटेत तयार झालेलं हायड्रोजन ब्रोमाइड भेटलं, तर तो त्याच्याशीच जुळतो आणि पुन्हा हायड्रोजनचा रेणू बनतो. उत्पादन जितकं साठत जाईल, तितका वेग मंदावतो.