डॉक्टर जातात, टिकत नाहीत: एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

दुर्गम भागात डॉक्टर नाहीत म्हटलं की पहिली मागणी येते ती नव्या मेडिकल कॉलेजांची. या प्रश्नाचा इतिहास चाळला तर मात्र दोन वेगळेच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतात: अंतराचा खर्च कुणी सोसायचा, आणि जाणारा माणूस मुळात कुठला?

स्कॉटलंडच्या उत्तरेकडचे डोंगर आणि बेटं घ्या. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या डॉक्टरचा अख्खा दिवस एकाच रोग्यापायी जाई. आधी होडी, मग पायपीट. हा खर्च फीमध्ये धरला तर रोग्याला झेपत नसे, न धरला तर डॉक्टरचं भागत नसे. घर जितकं लांब तितकं बिल मोठं, आणि लांबची घरंच बहुधा गरिबांची. १९१२ साली ड्यूअर समितीने ही परिस्थिती सरकारपुढे मांडली. १९१३ मध्ये सरकारने ४२,००० पौंडांचं अनुदान मंजूर करून प्रवासाचा भार उचलला आणि फीचा अंतराशी असलेला संबंध तोडला. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा यायला तेव्हा अजून ३५ वर्षं होती!

मेक्सिकोने १९३६ मध्ये सक्तीचा रस्ता धरला. शिक्षण संपता संपता वैद्यकीय विद्यार्थ्याला समाजसेवेची मुदत भरावी लागे. पुढे अनेक देशांनी तोच कित्ता गिरवला. सक्तीने जागा भरते खरी, पण मुदत संपायच्या आधीच बॅगही भरलेली असते.

चीनने १९६५ नंतर उलट बाजूने सुरुवात केली. गावातल्याच शेतकऱ्यांना काही महिने शिकवून ‘अनवाणी डॉक्टर’ तयार केले. लस टोचायची, जखम बांधायची, उरलेल्या वेळात शेतात राबायचं. ज्ञान तोकडं होतं, यात वाद नाही. पण त्यांची बदली होत नव्हती. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या जागतिक परिषदेला या प्रयोगातून बरंच बळ मिळालं. त्यांचा मोबदला सामुदायिक शेतीतून निघे. १९८० च्या दशकात ती मोडली आणि ही व्यवस्थाही विस्कटली.

दरम्यान १९७१ मध्ये वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत काम करणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं: जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी, आणि बाजाराच्या हाती सोपवलं तर ही दरी वाढतेच.

माझ्या मते सर्वात शहाणी युक्ती जपानची. १९७२ मध्ये सुरू झालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी निवडले जातात. शिक्षणाचा खर्च प्रांत उचलतो. त्या बदल्यात साधारण नऊ वर्षं सेवा, तीही आपापल्याच प्रांतात.

ग्रामीण भागातल्या मुलांना प्रवेशात झुकतं माप द्या, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये केली. श्रीमंत देशांनी गरीब देशांतले डॉक्टर आणि नर्सेस ओढून नेऊ नयेत, यासाठीची संहिताही त्याच वर्षीची. ती ऐच्छिक आहे.