बेल की डेसिबल? लॅपटॉपच्या ‘शांत’ हार्ड डिस्कची पार्श्वभूमी

घरच्या रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलायची म्हटले की पहिला प्रश्न येतो, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी की ७२००? हा प्रश्न जुन्या काळाचा आहे. अडीच इंची डिस्क मिनिटाला ४२०० फेरे घ्यायच्या, तेव्हा बरेच ट्रॅक एकदम लिहिताना त्या मागे पडत. ‘ऑडिओला ७२००च हवी’ हा सल्ला तेव्हा रुजला आणि डिस्क सुधारल्या तरी टिकून राहिला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट घेतो. १६ ट्रॅक झाले तरी २.३ मेगाबाइट. ५४००च्या डिस्कला हे अजिबात जड नाही. उलट वेग वाढला की फिरण्याची थरथर ९० हर्ट्झवरून १२० वर जाते, आणि माइकचा ८० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचे खर्जातले आवाज कापणारी चाळणी, दोन्हींपैकी एकही नीट अडवत नाही.

२००० नंतरच्या काही वर्षांत बॉल बेअरिंग जाऊन तेलाच्या पातळ थरावर फिरणारे फ्लुइड बेअरिंग आले आणि झिजलेल्या डिस्कची ती बारीक शिट्टी थांबली. राहिली हेडची, म्हणजे डिस्कवर सरकत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकाची, टकटक. तिच्यासाठी एटीए या डिस्क आणि संगणक जोडणीच्या मानकात एक सोय होती. १२८ ते २५४ मधला आकडा द्यायचा, १२८ला हेड सावकाश आणि शांत सरकायचे. पुढे उत्पादकांनी ही सोय हळूहळू काढली आणि मानकानेही ती कालबाह्य ठरवली. वेगात थोडे नुकसान सोसून शांतता घ्यायची की नाही, हे वापरणाऱ्याच्या हातात होते. ते काढून घेणे चूकच होते, असे माझे ठाम मत आहे.

खरा घोळ मात्र माहितीपत्रकातल्या आकड्यांचा आहे. एका डिस्कपुढे ‘२.४ बेल’ लिहिलेले असते, दुसरीपुढे ‘१६ डेसिबल’. २.४ बेल म्हणजे २४ डेसिबल, म्हणून दुसरी डिस्क कितीतरी शांत वाटते. पण बेलमध्ये ध्वनिशक्ती सांगतात, म्हणजे डिस्क एकूण किती आवाज बाहेर टाकते ते. डेसिबलमधला आकडा बहुतेकदा ध्वनिदाबाचा असतो, ठरावीक अंतरावर कानापर्यंत काय पोहोचते त्याचा. टेबलासारख्या सपाट पृष्ठावरच्या वस्तूपासून एक मीटरवर हा दाब शक्तीच्या आकड्यापेक्षा सुमारे ८ डेसिबलने कमी भरतो. म्हणजे २.४ बेल आणि १६ डेसिबल या दोन्ही डिस्क सारख्याच! शिवाय २.४ आणि २.७ बेल कागदावर जवळजवळ एकच दिसतात, पण ०.३ बेलच्या फरकात ध्वनिशक्ती दुप्पट होते. आकडा नुसत्या फिरण्याचा आहे की हेड सरकतानाचा, तेही बघायला हवे. टेकच्या (एका सलग रेकॉर्डिंगच्या) मधल्या शांत श्वासात ऐकू येते ती हेडची टक्.

वीज वाचवण्यासाठी हेड वारंवार बाजूला ठेवणाऱ्या डिस्कमध्ये ही टक् रिकाम्या वेळीही येते. पॉवर मॅनेजमेंटचे सेटिंग बदलून ती थांबवता येते, पण बऱ्याच डिस्क बंद करून चालू केल्या की सेटिंग विसरतात. नंतरच्या अनेक अडीच इंची डिस्कमध्ये डिस्कवरचे ट्रॅक (माहिती लिहिण्याच्या गोल पट्ट्या) कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात. त्या मोठ्या लेखनानंतर मागाहून आवराआवर करत बसतात, म्हणजे रेकॉर्डिंग थांबवले तरी हेड हलतच राहते. आणि ही पद्धत वापरली आहे हे माहितीपत्रकात कित्येक वर्षे धड लिहिलेलेही नसे.

साटा जोडणीच्या (अशा डिस्क जोडायच्या नेहमीच्या पद्धतीच्या) लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, लावली की हा सगळा विषय संपतो, कारण तिच्यात फिरणारे काही नसते. फिरती डिस्कच घ्यायची असेल तर जाडी मोजा. ९.५ मिलिमीटरच्या जागेत ७ मिलिमीटरची डिस्क सैल बसली की तिची थरथर लॅपटॉपच्या तळातून टेबलात उतरते, आणि टेबलावरच्या स्टँडमधून थेट माइकात. डिस्कभोवती प्लॅस्टिकची चौकट बसवून ती घट्ट करावी लागते.