फेअर ट्रेडचे जादा पैसे थेट शेतकऱ्याच्या खिशात जातात का?

फेअर ट्रेड म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव मिळावा म्हणून मालाला दिलं जाणारं प्रमाणपत्र. त्याचा शिक्का असलेल्या पाकिटासाठी आपण जे चार पैसे जास्त मोजतो ते थेट शेतकऱ्याला मिळतात, असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. दुकानातली किंमत दुकानदार आणि कंपनी ठरवतात. हे प्रमाणपत्र चालवणाऱ्या फेअरट्रेड संस्थेचा त्यावर ताबा नसतो. जादा रकमेतलं किती मागे पोहोचलं, हे पाकिटावरून कळतच नाही.

नियम आहेत ते पलीकडच्या टोकाला, शेतकऱ्याकडून माल घेताना. कॉफीचंच बघा. धुतलेल्या अरेबिकाचा (अरेबिका ही कॉफीची एक जात) फेअरट्रेडने ठरवलेला किमान भाव २०२३ पासून पौंडाला १.८० डॉलर आहे. बाजार याहून वर असेल तर बाजारभावच मिळतो, म्हणजे हा भाव खरा कामाला येतो तो मंदीत. २०२५ च्या सुरुवातीला अरेबिका चार डॉलरच्या वर गेली, तेव्हा त्याची गरजच नव्हती.

त्यावर पौंडामागे २० सेंट प्रीमियम, म्हणजे भावाव्यतिरिक्त दिली जाणारी जादा रक्कम. तोही एकेकट्या शेतकऱ्याला नाही, सहकारी संस्थेला मिळतो आणि त्याचं काय करायचं ते सभासद सभेत ठरवतात: गोदाम, शाळा, खतं, कधी रोख वाटप.

खरी मेख पुढे आहे. प्रमाणपत्र असलं म्हणजे सगळा माल त्या भावात खपतो असं नाही. खरेदीदार मिळेल तेवढाच जातो, उरलेला साध्या बाजारभावाने. प्रमाणपत्राची फी मात्र भरावीच लागते. आणि मळ्यावरच्या रोजंदारी मजुरापर्यंत यातलं फारच थोडं झिरपतं.

म्हणून ही खरेदी फुकट जाते असं मुळीच नाही. भाव कोसळतो त्या वर्षी हाच आधार उरतो. फक्त त्याला देणगी समजू नका.